लसूण-तेलाची स्पॅगेटी पहिल्यांदा करताय? मग फोडणीची सवय आधी बाजूला ठेवा

तेल आणि लसूण समोर आले की आपला हात एकाच वळणाने चालतो. गॅस मोठा, तेल कडकडीत, मोहरी तडतडली की ठेचलेला लसूण, चर्र आवाज, घरभर वास, आणि लसूण लाल झाल्याशिवाय फोडणी झाली असं आपल्याला वाटतच नाही. वरणाला, पालेभाजीला ते अगदी बरोबर आहे. पण इटलीतली लसूण-तेलाची स्पॅगेटी आपल्या हातून बिघडते ती नेमकी याच सवयीने, म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवते, इथे लसूण थंड तेलात जातो, गॅस बारीक असतो, आणि लसूण लाल झाला तर तो तेलासकट टाकून परत पहिल्यापासून करायचं. वाईट वाटतं, पण दुसरा इलाज नाही.

मी हे इटलीत तोरिनोला (तुरीन) शिकत होते तेव्हा शिकले. माझी रूममेट नापोलीची, म्हणजे नेपल्सची होती, आणि हा पदार्थ मूळचा तिकडचाच. मी पहिल्यांदा एकटीने केला तेव्हा ताटलीच्या तळाशी तेलाचं थारोळं, वर कोरडी ठाक स्पॅगेटी आणि लसूण कडू, असं झालं होतं. तिने एक घास खाल्ला, काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी मला शेजारी उभं केलं आणि परत करायला लावला. त्यानंतर आम्ही दोघींनी तो किती वेळा केला याला गणतीच नाही, आता पुण्यात माझ्या घरीही आठवड्यातून एकदा तरी होतोच. सामान पाच-सहा गोष्टींचं, वेळ पाण्याला उकळी येण्यासकट अर्धा तास. सोपा आहे, खरंच सोपा आहे, फक्त सामान इतकं थोडं आहे ना की एक गोष्ट चुकली तर ती सांभाळून घ्यायला दुसरं काही नसतं, ना कांदा, ना टोमॅटो, ना मसाला.

नाव आल्यो ए ओल्यो. आल्यो म्हणजे लसूण, ओल्यो म्हणजे तेल, मधला ए म्हणजे आणि. मेनूकार्डावर वाचून बरेच जण अग्लिओ म्हणतात पण त्यातला ग तिकडे उच्चारत नाहीत. मिरची घातली की पुढे ए पेपेरोन्चीनो लागतं. घरात भाजी नाही, काही नाही, आणि रात्री बाराला चार मित्र येऊन बसलेत, अशा वेळी इटलीत हमखास हेच शिजतं, मध्यरात्रीच्या त्या खाण्याला त्यांच्याकडे वेगळं नावच आहे, स्पागेत्ताता दि मेत्झानोत्ते. आपल्याकडे अवेळी भूक लागली की पिठलं-भात टाकतो ना, अगदी तसं.

आता सामान, दोघांपुरतं. स्पॅगेटी २०० ग्रॅम, एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह ऑईल चार मोठे चमचे म्हणजे साधारण ६० मिली आणि शेवटी वरून घालायला आणखी एक चमचा, लसूण, एक-दोन सुक्या लाल मिरच्या, मूठभर पार्सली (कोथिंबिरीसारखी दिसणारी पानं), मीठ. बस. यातल्या तीन गोष्टींवर जरा सविस्तर बोलते कारण दुकानात उभं राहिल्यावर तिथेच गोंधळ होतो.

पहिली स्पॅगेटी. पाकिटाच्या मागे ड्युरम गव्हाचा रवा असं लिहिलेलं असलं पाहिजे, मैदा लिहिलेला असेल तर ते पाकीट परत ठेवा, मैद्याची स्पॅगेटी दोन मिनिटं जास्त शिजली की लगदा होतो आणि या पदार्थात तिला शेवटी पॅनमध्ये परत शिजवायचंय म्हणजे ती टिकणारच नाही. ड्युरम म्हणजे कडक, पिवळसर, जास्त प्रोटीनवाला गहू. आपल्याकडे ज्याला बन्सी गहू म्हणतात तो ड्युरमच, बन्सी रवा हातात घेऊन बघितला असेल तर तो पिवळा रंग आणि ती कणी लगेच ओळखू येईल. इटलीत तर १९६७ च्या कायद्याने ठरवून टाकलंय की सुका पास्ता ड्युरमचाच करायचा. नापोलीजवळ ग्रान्यानो नावाचं गाव आहे, ते पास्त्यासाठीच प्रसिद्ध आहे, पूर्वी तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काठ्यांवर पास्ता वाळत घातलेला असायचा, डोंगर आणि समुद्राच्या मधली हवा त्यासाठी चांगली मिळायची, आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर बाजेवर शेवया वाळत घालतात ते चित्र डोळ्यासमोर आणा. २०१३ मध्ये ग्रान्यानोच्या पास्त्याला युरोपचं भौगोलिक मानांकनही मिळालं.

अजून एक गोष्ट बघा, स्पॅगेटी गुळगुळीत चकचकीत आहे की जराशी खरबरीत, पीठ भुरभुरल्यासारखी. खरबरीत असेल तर ती ब्राँझच्या साच्यातून काढलेली असते, पाकिटावर ब्राँझ कट किंवा ब्राँझ डाय असं लिहितात. अशा स्पॅगेटीला सॉस चिकटून राहतो आणि शिजताना तिच्यातून स्टार्च जास्त सुटतो, आणि हा स्टार्चच आपल्याला हवाय, का ते पुढे येतंच. थोडी महाग मिळते. परवडत असेल तर घ्या, नसेल तर साधी ड्युरमचीही चालते, मी विद्यार्थी असताना सुपरमार्केटमधली सगळ्यात स्वस्तच आणायचे.

दुसरं तेल. इथे तेल म्हणजे फक्त शिजवायचं माध्यम नाही, तेल हाच सॉस आहे, त्यामुळे त्याची चव थेट जिभेवर येते. आपल्या दुकानात ऑलिव्ह ऑईलच्या नावाखाली तीन-चार प्रकार शेजारी-शेजारी असतात. पोमेस म्हणजे तेल काढून झाल्यावर जो चोथा उरतो त्यातून परत काढून रिफाइन केलेलं तेल, ते तळणीला ठीक आहे, इथे नको. एक्स्ट्रा लाइट म्हणजे कमी फॅटचं नाही हं, कॅलरी तेवढ्याच, चव आणि रंग काढून टाकलेलं असतं एवढंच, तेही नको. एक्स्ट्रा व्हर्जिन घ्या. ते नुसतं फळं दळून यंत्राने काढलेलं असतं, केमिकल न वापरता, आणि त्याची आम्लता ०.८ टक्क्याच्या वर चालत नाही. चांगलं ताजं एक्स्ट्रा व्हर्जिन अर्धा चमचा नुसतं पिऊन बघा, घशात मागच्या बाजूला मिरीसारखं झोंबतं आणि ठसका लागतो, पुष्कळांना वाटतं तेल खराब आहे, उलट ती ताज्या तेलाची खूण आहे, ओलिओकॅन्थाल नावाच्या घटकामुळे ते होतं. खवट, जुन्या शेंगदाण्यासारखा किंवा मेणासारखा वास आला तर मात्र ते खरंच गेलेलं आहे. बाटली गडद काचेची घ्या, आपल्या सोयीसाठी गॅसच्या शेजारी ठेवू नका, उष्णता आणि उजेडाने तेल लवकर उतरतं, आणि एकदा उघडली की दोनेक महिन्यांत संपवा. म्हणून मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून आणू नये, अर्ध्या लिटरची पुरते.

तिसरा लसूण, आणि यावर मी जास्त वेळ घेणार आहे. इटालियन लसणाच्या पाकळ्या मोठ्या असतात, तिथे दोघांना तीन-चार पुरतात. आपला गावठी लसूण बारीक पाकळ्यांचा आणि चांगलाच उग्र, तो आठ-दहा पाकळ्या घ्या, आणि बाजारात मोठ्या पाकळ्यांचा पांढरा लसूण मिळतो तो मिळाला तर कापायला सोपा म्हणून चार-पाच. सोलून झाल्यावर पाकळी मधोमध उभी चिरा, आत हिरवा कोंब आलेला असेल तर सुरीच्या टोकाने काढून टाका, तो कडवट लागतो. मग पाकळीच्या पातळ चकत्या करा, एक-दीड मिलिमीटरच्या, सगळ्या शक्यतो सारख्या जाडीच्या, कारण जाड-बारीक झाल्या की बारीक करपतात तोपर्यंत जाड कच्च्याच असतात.

ठेचायचा नाही, किसायचा नाही, आलं-लसूण पेस्ट तर अजिबात नाही. कारण असं की लसणाचा उग्रपणा त्याच्या आत तयार नसतोच, पेशी फुटल्या की दोन वेगवेगळे घटक एकमेकांना भेटतात आणि मग तो तिखट वास तयार होतो, जितकं ठेचाल तितक्या पेशी जास्त फुटतात आणि उग्रपणा वाढतो. चटणीला तोच हवा असतो. इथे आपल्याला लसणाचा गोडवा हवाय, भाजलेल्या दाण्यासारखा मऊ वास हवाय. शिवाय ठेचलेले बारीक कण तेलात अर्ध्या मिनिटात करपतात, चकत्यांना तुम्हाला पाच मिनिटं तरी मिळतात. नापोलीत काही घरांमध्ये चकत्याही करत नाहीत, अख्खी पाकळी सालासकट नुसती हाताने दाबून तेलात सोडतात आणि वास उतरला की काढून टाकतात, सौम्य हवं असेल तर हा प्रकार पहिल्यांदा करणाऱ्याला खरं तर सगळ्यात सुरक्षित, करपायची भीती कमी.

मिरची सुकी घ्या. आपली ब्याडगी घातली तर रंग येतो पण तिखटपणा फार नाही, तिखट आवडत असेल तर संकेश्वरी किंवा गुंटूर. बिया थोड्या झटकून हातानेच दोन-तीन तुकडे करा. चिली फ्लेक्सही चालतात, पण ते फार पटकन काळे पडतात म्हणून लसूण होत आल्यावर घालायचे. इटलीत मिरचीचं वेड म्हणजे कालाब्रिया, पायाच्या बुटासारख्या त्या नकाशात बुटाचं टोक आहे ना तो भाग, तिथल्या दियामान्ते गावात दर सप्टेंबरला मिरचीचा उत्सव भरतो. मला एक गोष्ट फार आवडते की मिरची त्यांचीही नाही आणि आपलीही नाही, अमेरिका खंडातून १४९२ नंतर ती जहाजांमधून निघाली, एकीकडे युरोपात गेली, दुसरीकडे पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरली, आणि दोन्हीकडे आता तिच्याशिवाय पान हलत नाही.

पार्सली सपाट पानांची मिळाली तर उत्तम, कुरळी मिळाली तरी चालेल. कोथिंबीर घालू का असं मला दर वेळी कोणीतरी विचारतं. नका घालू. कोथिंबिरीचा वास इतका ओळखीचा आणि इतका जोरकस आहे की एका चिमटीत सगळी चव आपल्या आमटीकडे जाते. पार्सली नसेल तर काहीच घालू नका, छान लागते तशीही.

भांडी सांगते. पाणी उकळायला मोठं पातेलं. आणि दुसरं पसरट पॅन, ज्यात शिजलेली स्पॅगेटी आरामात हलवता येईल इतकं मोठं, २६-२८ सेंटीमीटरचं. स्टील, अ‍ॅल्युमिनियम, नॉनस्टिक काहीही चालतं, पसरट कढई असेल तर तीही चालेल, उलट उडवून हलवायला बरी पडते. एक चिमटा आणि एक पळी हाताशी हवीच.

आता करायला घेऊ.

पातेल्यात दीड लिटर पाणी. इटलीत नियम सांगतात १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि लिटरमागे १० ग्रॅम मीठ, पण या पदार्थाला मी मुद्दाम पाणी कमी घेते कारण पाणी कमी तेवढा त्यात स्टार्च दाट. मीठही मग जरा हात आखडून, दीड लिटरला सपाट दोन छोटे चमचे, साधारण १२ ग्रॅम, कारण हेच पाणी पुढे पॅनमध्ये आटणार आहे. मीठ घातल्यावर चाखून बघा, नीट मीठ पडलेल्या साराएवढं लागलं पाहिजे. स्पॅगेटीला आतून मीठ लागायची हीच एक वेळ आहे, नंतर वरून भुरभुरलेलं मीठ वरच राहतं. पाण्यात तेल घालायचं नाही, पास्ता चिकटू नये म्हणून घालतात पण ते वरच तरंगतं आणि काहीच करत नाही, चिकटू नये यासाठी पहिली दोन मिनिटं ढवळणं पुरेसं आहे.

पाणी तापतंय तोवर तेल-लसूण करून घ्या. तिकडे सराईत लोक दोन्ही एकदम लावतात, स्पॅगेटी पाण्यात आणि शेजारी लसूण तेलात, पण पहिल्यांदा करताना तसं करू नका, दोन्हीकडे लक्ष राहत नाही. तेल थांबू शकतं, शिजलेली स्पॅगेटी थांबत नाही.

पॅन थंड, गॅस बंद, त्यात चार चमचे तेल आणि लसणाच्या चकत्या एकदमच. मग सगळ्यात छोट्या शेगडीवर एकदम बारीक गॅस. मिनिटभराने चकत्यांच्या कडेने बारीक बुडबुडे यायला लागतील, आवाज इतका हळू की वाकून कान द्यावा लागतो. चर्र आवाज आला तर गॅस जास्त आहे, पॅन सरळ उचला. पॅन थोडं तिरकं करून तेल एका बाजूला गोळा केलं तर चकत्या तेलात बुडून सारख्या होतात. दोनेक मिनिटांनी मिरचीचे तुकडे घाला, मिरचीचा तिखटपणा तेलातच उतरतो, पाण्यात फारसा नाही, म्हणून ती आत्ताच जायला हवी. साधारण चार ते सहा मिनिटं लागतात. रंगाकडे बघा, घड्याळाकडे नको. पांढऱ्या चकत्या आधी थोड्या पारदर्शक होतात, मग कडा साजूक तुपाच्या रंगाच्या व्हायला लागतात, आणि त्याच क्षणी गॅस बंद करून पॅन शेगडीवरून खाली घ्यायचं. तुम्हाला वाटेल अजून कच्चा आहे. नाही, तेल गरम आहे, लसूण त्यात अजून मिनिटभर शिजत राहतो आणि सोनेरी रंग त्या मिनिटात येतो. गॅसवर असतानाच सोनेरी झाला तर खाली उतरवेपर्यंत तपकिरी होतो, आणि तपकिरी लसूण कडू, आणि तो कडूपणा सगळ्या तेलात उतरलेला असतो त्यामुळे नुसत्या चकत्या काढून टाकून काही होत नाही. तेल जास्तच तापलंय असं वाटलं तर चकत्या चमच्याने काढून ताटलीत ठेवा, शेवटी परत घालता येतात.

पाणी खळाखळा उकळलं की स्पॅगेटी अख्खी उभी सोडा. मोडायची नाही. लांबीला पातेलं पुरत नसेल तर घाबरू नका, अर्ध्या मिनिटात खालचा भाग मऊ होतो आणि झाऱ्याने हलकेच दाबलं की सगळी आत वाकते. ढवळा. पाकिटावर शिजायची जी वेळ असेल त्यातून दोन-अडीच मिनिटं वजा करा, १० मिनिटं लिहिली असतील तर साडेसातला एक काडी काढून दाताने तोडा आणि तुटलेलं टोक बघा, मध्ये टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका दिसला पाहिजे. त्या पांढऱ्या ठिपक्याला इटालियन लोक आनिमा म्हणजे आत्मा म्हणतात. खाताना दाताला किंचित लागावी म्हणून अल देन्ते, पण आत्ता ती त्याहूनही थोडी कच्ची हवी, कारण उरलेलं शिजणं पॅनमध्ये आहे.

आणि आता खरा भाग. पातेल्यातलं पाणी बघा, गढूळ दिसतंय, भाताच्या पेजेसारखं. हेच ते. पास्ता चाळणीत ओतून हे पाणी सिंकमध्ये घालवलं तर तुम्ही अर्धा सॉस फेकलात. एक मोठा कप पाणी आधी बाजूला काढून ठेवा, नवीन असताना हे विसरायला होतं, मी तर कप पातेल्याच्या शेजारी आधीच ठेवायचे म्हणजे तो बघून आठवायचं. आणि स्पॅगेटी नळाखाली धुवायची तर मुळीच नाही, नूडल्स धुतात तसं, धुतलं की वरचा स्टार्च गेला.

तेलाचं पॅन परत गॅसवर, मध्यम आचेवर, आणि त्यात एक पळी हे गरम पाणी हळूच कडेने सोडा, तेल फार तापलेलं असेल तर उडतं म्हणून चेहरा लांब ठेवा. मग चिमट्याने स्पॅगेटी थेट पातेल्यातून उचलून पॅनमध्ये, निथळत बसू नका, पाणी लागलेलीच येऊ दे. गॅस थोडा वाढवा आणि आता दोन मिनिटं हात थांबवायचा नाही. चिमट्याने गोल-गोल फिरवा, पॅन पुढे-मागे हिसके देत हलवा, पाणी आटलं की अजून अर्धी पळी घाला, परत हलवा.

इथे काय चाललंय ते समजलं की हात आपोआप बरोबर चालतो. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत हे आपण रोज बघतो, मिसळीवर तर्री येते ती म्हणूनच, आणि मिसळीला ती तर्री पाहिजेच. इथे तर्री आली म्हणजे बिघडलं. पाण्यातला स्टार्च आणि तुमच्या हाताचं हलवणं मिळून तेलाचे अगदी बारीक थेंब करतात, स्टार्चमुळे पाणी दाटसर होतं आणि ते थेंब परत एकत्र येऊन वर तरंगू शकत नाहीत, आणि मग तेल आणि पाणी वेगळे दिसायचे थांबतात, दुधाळ, मऊ, काडीला धरून राहणारा सॉस होतो, त्यात क्रीम नाही, बटर नाही, चीज नाही. म्हणून मी म्हणते या पदार्थातला तिसरा घटक हे पाणी आहे, नावात नसलं तरी. पहिल्यांदा माझ्या पॅनमध्ये तो सॉस जमला ना तेव्हा मी गॅससमोर उभी राहून नुसती बघत होते, पाच मिनिटांपूर्वी पिवळं तेल होतं आणि आता हे काय झालं.

झालंय कसं कळेल? पॅन तिरकं केलं की तळाशी तेलाचा ओघळ न दिसता दाटसर पांढुरकं पाणी हळू सरकतं. आवाजही बदलतो, आधी पाण्याचा खळखळाट असतो मग ओलसर चपचप ऐकू येते. काडी चाखा, दाताला किंचित लागते आहे पण पीठ लागत नाही, बस, गॅस बंद. आता उरलेला एक चमचा कच्चं तेल, बारीक चिरलेली पार्सली, आणि गॅस बंद असतानाच परत अर्धा मिनिट जोरात हलवा. तुम्हाला हवं त्यापेक्षा जराशी पातळ वाटतेय तेव्हाच ताटलीत काढा कारण टेबलावर जाईपर्यंत स्पॅगेटी पाणी शोषून घेते. ताटल्या गरम पाण्याने विसळून पुसून घेतल्या असतील तर आणखी बरं. आणि माणसं आधी टेबलावर बसलेली हवीत.

बिघडलं तर काय करायचं ते सांगते. तेल सुटून वेगळं दिसतंय तर गॅस बंद करा, दोन-तीन चमचे राखून ठेवलेलं पाणी घालून जोरात हलवा, बहुतेक वेळा परत जमतं. गोळा झाली, चिकट झाली तरी इलाज पाणीच. फार पातळ राहिलं तर गॅस मोठा करून अर्धा मिनिट. खारट होतंय असं वाटलं तर पुढची पळी साध्या गरम पाण्याची घाला. अळणी लागली तर चिमूटभर मीठ चमचाभर गरम पाण्यात विरघळवून मग घाला. लसूण करपला तर मात्र वर सांगितलं तेच, टाका आणि परत करा, पाच-सहा मिनिटांचं तर काम आहे आणि हे लक्षात आलं की अजून एक कारण कळतं मी तेल आधी करून ठेवा का म्हणते.

चीजबद्दल. माझ्या रूममेटच्या घरी यावर चीज घालत नाहीत, आणि मलाही आता तसंच आवडतं कारण चीज पडलं की लसूण मागे जातो. पण इटलीत घालणारेही आहेत, थोडं किसलेलं पेकोरिनो (मेंढीच्या दुधाचं चीज) वगैरे, त्यावरून घराघरात वाद होतात. चीजपेक्षा मी तुम्हाला भाजलेला पावचुरा सुचवेन. दक्षिण इटलीत गरिबाघरी महाग चीज परवडायचं नाही तेव्हा शिळ्या पावाचा चुरा तेलात खरपूस भाजून पास्त्यावर घालायचे, आणि अजूनही आवडीने घालतात. आपला दोन दिवसांचा शिळा पाव हाताने कुस्करा, एक चमचा ऑलिव्ह ऑईलमध्ये मंद आचेवर बदामी होईपर्यंत परता, चिमूटभर मीठ, आणि खायच्या क्षणी वरून. मऊ स्पॅगेटीत तो कुरकुरीतपणा इतका छान लागतो की आमच्याकडे चुरा आधी संपतो. मासे खाणाऱ्यांसाठी आणखी एक, तेलात लसणाबरोबर अँचोव्हीचे (खारवलेले छोटे मासे) एक-दोन तुकडे विरघळवतात, आणि अमाल्फीच्या किनाऱ्यावरच्या चेतारा गावात अँचोव्ही खारवून त्याचा जो गाळलेला अर्क काढतात, कोलातुरा, त्याचे काही थेंब शेवटी घालतात. ते घालणार असाल तर पास्त्याच्या पाण्यात मीठ जवळजवळ घालूच नका. पहिल्या दोन-तीन वेळा यातलं काहीच करू नका, आधी नुसती लसूण-तेलाची जमू दे.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या. लसूण घातलेलं ऑलिव्ह ऑईल जास्तीचं करून बाटलीत भरून ओट्यावर ठेवायचा मोह होतो, वास छान येतो म्हणून. ठेवू नका. तेलात बुडालेल्या लसणाला हवा लागत नाही, आणि अशा हवाबंद ठिकाणी बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढून विष तयार करू शकतात, आणि त्याचा वास किंवा चव कळतही नाही. लागेल तेवढंच करा, उरलं तर लगेच फ्रिजमध्ये आणि दोन-तीन दिवसांत संपवा. उरलेली स्पॅगेटीही फ्रिजमध्येच, दुसऱ्या दिवशी पॅनमध्ये दोन चमचे पाणी घालून झाकण ठेवून गरम करा, पहिल्या दिवसासारखी नसते पण डब्याला चांगली लागते.

आणि चार जण असतील तर ४०० ग्रॅम एकाच पॅनमध्ये करायला जाऊ नका, घरच्या पॅनमध्ये एवढी स्पॅगेटी नीट हलत नाही आणि हलली नाही की सॉस जमत नाही. तेल-लसूण सगळ्यांचं एकदम करून ठेवा, पाणीही एकच, फक्त स्पॅगेटी दोन वेळा टाका, दुसऱ्या वेळी त्याच पाण्यात, ते तर अजूनच दाट झालेलं असतं. पाणी आटून कमी झालं असेल तर त्यात साधं गरम पाणी वाढवा म्हणजे खारट होणार नाही. पहिल्या दोघांना गरम वाढा आणि त्यांना खायला सुरुवात करायला सांगा, थांबायला लावू नका.